पेन्सिल कुणाच्या हातात?

मोठ्या वर्गातल्या मुलांनी लहान वर्गातल्या मुलांना हाताशी धरून शिकवायचं, शाळेत रुळायला मदत करायची, हा उपक्रम आता बऱ्याच शाळांत चालतो. कुठे त्याला ‘ताई-दादा’ म्हणतात, कुठे ‘अभ्यास-सोबती’. त्याबद्दलचे प्रश्न या वेळी मागवले होते. मी २६ वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली १४ वर्षं असा उपक्रम चालवला. उत्तरं त्या बळावर देते आहे.

माझी मुलगी नववीत आहे. शाळेने तिला आठवड्यातून दोनदा सहावीतल्या एका मुलाला गणित शिकवायचं काम दिलंय. घरी आली तरी तिच्या डोक्यात त्याचेच अपूर्णांक. उद्या तिचाच अभ्यास मागे पडला तर? तिला यातून काढून घेऊ का?

काढून घेऊ नका. तुमची काळजी मला कळते, माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन पालक हेच विचारत येत. त्यांना मी एक प्रसंग सांगायचे.

नववीतली एक मुलगी सहावीतल्या मुलाला अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होती. ६ भागिले अर्धा. तिने सांगितलं, ‘अर्धा उलटा कर, गुण, १२ आले.’ मुलाने वहीकडे बघितलं आणि विचारलं, ‘ताई, भागल्यावर मोठं कसं झालं?’ ती गप्प. हा नियम तिने तीन वर्षं वापरला होता, त्याचे पूर्ण गुण मिळवले होते, आणि हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. मी मागच्या बाकावर होते, पण मुद्दाम बोलले नाही. दोन-तीन मिनिटांनी तिने वहीच्या कागदाच्या सहा पट्ट्या फाडल्या, त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, ‘यात अर्ध्या-अर्ध्या पट्ट्या किती निघतील, तूच फाडून बघ.’ त्याने फाडल्या, मोजल्या. बारा. त्या दिवशी सहावीच्या मुलाला एक उदाहरण कळलं आणि नववीच्या मुलीला भागाकार म्हणजे काय ते कळलं. जास्त कोण शिकलं?

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. कोहेन आणि कुलिक या संशोधकांनी १९८२ मध्ये शालेय मुलांनी मुलांना शिकवण्याच्या कार्यक्रमांचे ६५ अभ्यास एकत्र तपासले. शिकणाऱ्यांचा फायदा झाला होताच, पण शिकवणाऱ्या मुलांचीही त्या विषयाची समज वाढली होती, विषयाबद्दलची भावना सुधारली होती. मात्र हा फायदा बसल्या जागी मिळत नाही. रॉस्को आणि ची यांनी २००७ मध्ये दाखवलं की शिकवणारी मुलं बहुतेकदा येतं तेवढं सांगून मोकळी होतात. स्वतःची समज तपासत, नव्याने जुळवत फार थोडी मुलं शिकवतात. आणि तशी वेळ त्यांच्यावर येते ती बहुधा समोरच्याने खोलातला प्रश्न विचारला की.

म्हणून मुलगी घरी आल्यावर ‘काय शिकवलंस’ असं विचारू नका. ‘आज त्याने तुला काय विचारलं?’ असं विचारा. महिनाभर उत्तर ‘काहीच नाही’ असंच येत असेल, तर ती नुसतं सांगत सुटली आहे आणि वर्गशिक्षकांशी बोलायला हवं. डोक्यात त्याचे अपूर्णांक घोळताहेत हे तर मला चांगलं लक्षण वाटतं. वेळेची हद्द मात्र शाळेकडून पक्की करून घ्या. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या-पाऊण तासाच्या वर नाही, आणि तिच्या परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी. ती सुट्टी त्या लहानग्याला आधी सांगितलेली असली पाहिजे. असं का, ते पुढे लिहिलंय.

बाई, मी दहावीत आहे. सातवीतल्या एका मुलाला समीकरणं शिकवतो. मी शेजारी बसलो की त्याला सगळं येतं, चाचणीत मात्र तीच गणितं चुकतो. मी नीट समजावतो, तोही ‘कळलं’ म्हणतो. माझं काय चुकतंय?

तू शेजारी बसलेला असताना पेन्सिल कुणाच्या हातात असते?

हा प्रश्न मी आमच्या प्रत्येक ताईला, दादाला विचारत असे. त्याच्याआधी मी वर्गाच्या मागे बसून बघितलेलं असायचं. लहान मूल एका ओळीवर अडतं. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं असतं, मनगट थांबलेलं असतं. एवढ्यात मोठ्याचा हात पुढे येतो, पेन्सिल घेतो आणि पुढची ओळ लिहून टाकतो. त्यात प्रेमच असतं. पण जी ओळ त्या मुलाने स्वतः ओलांडायची होती ती दुसऱ्याने ओलांडली, आणि चाचणीत ती ओळ पुन्हा तशीच समोर उभी राहते. आमच्याकडे पहिल्या दिवसाचा एकच नियम असायचा: लहानाची पेन्सिल मोठ्याने हातात घ्यायची नाही. तुला काही लिहून दाखवायचंच असेल, तर वेगळ्या कागदावर, वेगळं उदाहरण.

आता समीकरणांचं. त्याला तू कदाचित असं सांगितलं असशील की ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ क्ष + ७ = १५ ला ते चालतं, ८ येतात. मग चाचणीत येतं ३क्ष = १२. तो ३ पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो, १२ वजा ३, क्ष = ९. हे उत्तर मी शेकडो वह्यांमध्ये पाहिलंय. तू शेजारी असतास तर त्याने ‘वजा’ म्हणताच तुझी भुवई वर गेली असती आणि त्याने लगेच ‘भागिले’ म्हटलं असतं. तो समीकरण वाचत नाहीये, तुझा चेहरा वाचतोय. चाचणीला तुझा चेहरा नसतो.

असं करून बघ. त्याने ९ लिहिलं की काही बोलू नकोस. फक्त म्हण, ‘९ परत आत घालून बघ.’ तीन नव्वे सत्तावीस. सत्तावीस म्हणजे बारा आहेत का? नाहीत. आता थांब. खरंच थांब. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. मनात एक-दोन-तीन मोजून बघ, शेजारी मूल अडलेलं असताना ते किती लांब असतात ते कळेल. मला स्वतःला ती सवय लागायला वर्ष गेलं.

‘कळलं का?’ हा प्रश्न मात्र सोडून दे. त्याला ‘हो’ हे एकच उत्तर असतं, कारण नाही म्हटलं तर दादाला वाईट वाटेल. त्याऐवजी म्हण, ‘आता हे तू मला शिकव.’ कुठे अडखळतो ते पहिल्या मिनिटात दिसेल.

आणि तू ‘मी नीट समजावतो’ लिहिलंयस, ते तुला तसं वाटतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी तरी ओळखता येतील. १२० पैकी फक्त ३ ओळखता आली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सबंध गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुझ्या डोक्यात आख्खं बीजगणित चालू आहे, बाळा. त्याच्यापर्यंत काय पोचतं ते तो बोलेल तेव्हाच तुला कळणार.

आमच्या शाळेत हा उपक्रम यंदा सुरू करतोय. मुख्याध्यापकांचं म्हणणं, प्रत्येक वर्गातले पहिले पाच घ्यावेत. मला खात्री वाटत नाही. निवड कशी करावी?

पहिल्या वर्षी मीही पहिले पाचच घेतले होते. त्यातली दोन मुलं उत्तम निघाली. तिघांना लहानांचं अडणं समजतच नव्हतं. त्यांचा दोष नव्हता, ती त्या ठिकाणी कधी अडलीच नव्हती. त्यातला एक तर अगदी कळवळून मला म्हणाला, ‘बाई, यात न येण्यासारखं काय आहे?’

दुसऱ्या वर्षी मी एक मुलगा घेतला जो सहावीत गणितात नापास होता होता वाचला होता आणि आठवीत सावरला होता. त्याला शून्याने संपणाऱ्या भागाकारांची धास्ती आठवत होती. तो पाचवीच्या मुलाला म्हणाला, ‘इथे मला पण भीती वाटायची. मी इथे बोट ठेवायचो आणि मग पुढे जायचो.’ बोट कुठे ठेवायचं हे त्याने दाखवलं. मला ते माहीत नव्हतं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या एका कार्यक्रमाने तर ज्यांची शाळा सुटण्याचा धोका आहे, नेमकी तीच माध्यमिक शाळेतली मुलं प्राथमिकच्या मुलांना शिकवायला निवडली. त्या कामाचं त्यांना मानधनही मिळे. ही मोठी मुलं शाळेत टिकली, त्यांच्यातली गळती तशाच इतर मुलांपेक्षा खूप कमी राहिली. आपली कुणीतरी वाट बघतंय, या एका गोष्टीसाठी सुद्धा मूल शाळेत येतं.

तेव्हा मुख्याध्यापकांना सांगा, गुणपत्रिका दुसऱ्यांदा बघू. आधी दोन गोष्टी बघा: मूल ठरल्या वेळेला येतं का, आणि दुसरा चुकला की त्याच्या तोंडावर काय उमटतं. वयात दोन ते चार वर्षांचं अंतर असू द्या. एका वर्षाच्या अंतरात बरोबरी सुरू होते, सहा-सात वर्षांच्या अंतरात लहान मूल प्रश्नच विचारत नाही. जोडी जमली नाही तर पंधरा दिवसांत, कुणालाही दोष न देता बदला.

हे सगळं ऐकायला छान आहे, पण मला यात शिक्षकांची बचत दिसते. शिक्षक कमी, म्हणून मुलांकडून फुकट काम. मी चुकतोय का?

शंका रास्त आहे, आणि तिच्यामागे इतिहासही आहे. अँड्र्यू बेल हे १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर इथल्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे प्रमुख झाले. मलबारी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणायचं ठरवलं. हाताखालचे शिक्षक तयार होईनात, तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. त्याने तो चालवून दाखवला. बेल यांनी १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी तिथल्या बरो रोडवर शाळा काढली. मोठा दिवाणखाना, लांबच लांब बाकं, एक शिक्षक, आणि शेकडो मुलांवर देखरेख ठेवणारे विद्यार्थी-मॉनिटर. ही पद्धत जगभर पसरली ती मुख्यतः स्वस्त होती म्हणून. घोकंपट्टी, हुकूम, बिल्ले, आणि टोपलीत बसवून मुलाला छताला टांगण्यासारख्या शिक्षा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बहुतेक ठिकाणी मोडीत निघाली.

बेल यांच्या त्या आठ वर्षांच्या मुलाने जे केलं ते खरं होतं. बिघडलं ते एका वर्गापुरतं होतं त्याचं शेकडो मुलांचं झालं तिथे, आणि स्वस्त पडतं म्हणून मुलंच शिक्षकाच्या जागी उभी केली तिथे. तुमच्या शाळेत दादा एका मुलाजवळ बसत असेल आणि शिक्षक त्याच खोलीत असतील, तर ठीक आहे. शिक्षक रजेवर आणि दादा वर्ग सांभाळतोय असं दिसलं, तर लेखी तक्रार करा. मी तुमच्या बाजूने आहे.

माझा मुलगा दुसरीत आहे. त्याचा शाळेतला दादा स्वतःचं दप्तर त्याच्याकडून उचलून घेतो. सांगावं का शाळेत?

आजच सांगा. दप्तर ज्याचं त्याने उचलायचं.

मी आठवीत आहे. माझ्याकडे तिसरीतली एक मुलगी वाचायला येते. परवा तिने मला घरातली एक गोष्ट सांगितली. मला ती ऐकून भीती वाटली. ‘ताई, शप्पथ, कुणाला सांगू नकोस,’ म्हणाली, आणि मी ‘नाही सांगणार’ म्हटलं. आता मला झोप येत नाही.

बाळ, हे पत्र लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला वेगळं उत्तर पाठवलं आहे. इथे छापते आहे ते तुझ्यासारख्या इतर मुलांसाठी, आणि काय घडलं ते मुद्दाम गाळलं आहे.

हे गुपित तू ठेवायचं नाहीस. कुणाला मारहाण होते, कुणी नको तसा हात लावतं, मूल उपाशी राहतं, मूल स्वतःला इजा करू बघतं, यांतलं काहीही कानावर आलं तर ते त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं, ज्याच्यावर तुझा विश्वास आहे आणि ज्याच्या हातात काही करणं आहे. वर्गशिक्षिका, समुपदेशक, मुख्याध्यापक. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला. तू वचन मोडलंस असं तुला वाटेल. तू तिला दिलेलं खरं वचन वेगळं आहे, तिची ताई असण्याचं. तिला आधी तूच सांग: ‘हे एकटीने सोडवण्याइतकी मी मोठी नाही. म्हणून आपण बाईंना सांगूया. मी तुझ्याबरोबर येते.’ आणि खरंच बरोबर जा. तिथून पुढे चौकशी करणं, घरी जाणं, निर्णय घेणं हे मोठ्यांचं काम. तुझं काम पुन्हा तिच्याबरोबर वाचणं.

हे उपक्रम चालवणाऱ्या शिक्षकांना मला कळकळीने सांगायचंय. या मुलीच्या वाट्याला ही रात्र आली ती आपल्यामुळे. पहिल्याच दिवशी प्रत्येक ताई-दादाला एक वाक्य पाठ करून द्या: ‘तू मला काहीही सांगू शकतोस, पण तुला कुणी त्रास देत असेल तर ते मी बाईंना सांगेन.’ लहानाला ते सुरुवातीलाच ऐकू आलं पाहिजे. आणि दर आठवड्याला मोठ्या मुलांबरोबर पंधरा मिनिटं बसा. ‘कसं चाललंय’ असं घोळक्यात विचारू नका, एकेकट्याला विचारा. आठवीतलं मूलसुद्धा मूलच आहे.

दुसरीतल्या मुलाला वाचायला शिकवायचंय. पुस्तक घेऊन बसतो, पण दर ओळीला मी चुका काढत राहतो आणि तो रडकुंडीला येतो. (विद्यार्थी, इयत्ता सातवी)

चुका काढणं थांबव आणि त्याच्याबरोबर वाच. याची एक सोपी रीत आहे, ब्रिटनमध्ये रॉजर मॉर्गन यांनी १९७० च्या दशकात बसवलेली आणि कीथ टॉपिंग यांनी शाळाशाळांत नेलेली. मी तिला जोडवाचन म्हणते. पुस्तक त्याने निवडायचं. दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायला लागायचं, तू त्याच्या वेगाने. त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने बाकावर टकटक करायची, की तू गप्प व्हायचं. तो अडला किंवा चुकला तर चार-पाच सेकंद थांब. नाहीच जमलं तर शब्द सांग, त्याने तो म्हटला की पुन्हा दोघं मिळून पुढे. ‘चूक’ हा शब्द उच्चारायचाच नाही. त्याची टकटक ऐकू आली की मनात काय वाटतं ते मला लिहून कळव.

वर्ष संपत आलंय. माझी दहावी झाली की मी शाळा सोडणार. पाचवीतला मुलगा विचारतो, ‘दादा, पुढच्या वर्षी पण ना?’ काय सांगू?

खरं सांग, आणि आत्ताच सांग. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये मुलांची मोठ्या सोबत्याशी जोडी लावून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ संस्थेतल्या जोड्यांचा अभ्यास मांडला. तिथे आधार देणारी माणसं प्रौढ होती, पण गोष्ट तीच. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. थोड्याच महिन्यांत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट खालावला. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आमची एक ताई परीक्षा आली म्हणून न सांगता यायची थांबली. चौथीतली मुलगी सलग तीन आठवडे ठरल्या वेळी वही घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायची. चौथ्या आठवड्यात ती आली नाही, आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही ताईबरोबर बसायला तयार झाली नाही. मला ते कळायला महिना लागला. ती चूक माझी होती.

तू वर्ष पूर्ण केलंयस. तेव्हा शेवटच्या तीन भेटी उरल्या की त्याला सांग, ‘आता तीन उरल्या.’ पुढच्या वेळी ‘दोन’. शेवटच्या दिवशी नवं काही शिकवू नकोस. त्याची वर्षाच्या सुरुवातीची वही आण, पहिलं पान उघड आणि त्याच्यापुढे ठेव. तेव्हा त्याला न आलेली गणितं तो आता झरझर सोडवेल. पुढच्या वर्षी जो दादा येणार असेल त्याला त्या दिवशी बोलावून घे. आणि हा मुलगा कुठे अडतो, किती वेळ थांबावं लागतं, हे नव्या दादाला तू सांगू नकोस. त्या मुलालाच सांगू दे.